क-४४चा खटका

लायब्ररी म्हटलं की लोकांना पुस्तकं आठवतात. या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लायब्ररीत औषधालाही पुस्तक नव्हतं. एक लोखंडी कपाट, त्यात दोनशे वीस कप्पे, प्रत्येक कप्प्यात तळहातावर मावेल एवढी टेप, आणि मधल्या रुळावर वरखाली धावणारा एक यांत्रिक हात. वरच्या मजल्यांवरचे चार सर्व्हर आपापल्या माहितीची प्रत काढायला टेप मागत, हात ती काढून देई आणि काम झालं की परत जागेवर ठेवी. एक सर्व्हर बिलांचा, एक प्रयोगशाळेचा, एक एक्स-रेचा आणि एक किरणोपचार विभागाचा. चौघांत मिळून एक कपाट. चार बिऱ्हाडांत एकच न्हाणीघर असावं तशातली गत होती.

या कपाटाची राखण बावीस वर्षं जिच्याकडे होती तिला सगळे टेपबाई म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर होतं आणि तिथेच सुखात होतं. कोणती टेप कोणाची, कधी भरली, हे तिला तोंडपाठ असे. तरीही ती ते एका जाड वहीत लिहून ठेवी, कारण स्वतःच्या डोक्यावर तिचा विश्वास होता पण साहेबांच्या डोक्यावर नव्हता.

कपाटाची एक जुनी भानगड होती. पहिल्यापासून त्या यांत्रिक हाताचा मालक म्हणजे बिलांचा सर्व्हर. बाकीच्या तिघांना टेप हवी असली की त्याच्याकडे मागायची, आणि महिनाअखेरीला तो बिलांत बुडालेला असला की तिघांनी ताटकळत बसायचं. शिवाय मालक म्हणून तो कधीमधी दुसऱ्याच्या टेपेवरही हात टाकी. टेपबाईने सहा वर्षं अर्ज केले होते, की कपाट सांभाळायला एक वेगळा सर्व्हर द्या. त्याने स्वतःचं काहीही साठवायचं नाही, फक्त कोणती टेप कोणाची हे लक्षात ठेवायचं आणि ज्याची त्याला द्यायची. अर्ज वर जात आणि वरच राहत. किरणोपचाराच्या टेपांची दुसरी प्रत ठेवावी हा अर्जही त्यांच्याच शेजारी धूळ खात पडला होता.

आणि मग एका शुक्रवारी तो सर्व्हर आला. टेपबाईला ही बातमी लिफ्टमध्ये कळली, तीही लिफ्टवाल्याकडून.

ती साहेबांच्या खोलीत गेली तेव्हा तिथे एक पाहुणे बसले होते. बाहेरच्या कंपनीचे तज्ज्ञ, पन्नाशीचे, गळ्यात टाय. टेपबाईने मनातल्या मनात त्यांचं बारसं तिथेच करून टाकलं, टायवाले.

"या बाई," साहेब म्हणाले. साहेब संगणक विभागाचे प्रमुख होते आणि तळघरात वर्षातून एकदा, पंखा बंद पडला तरच येत. "उद्या हे आपलं कपाट नव्या सर्व्हरवर नेतायत. सोमवारी संचालकांच्या हस्ते उद्घाटन. कपाटाची किल्ली यांच्याकडे द्या आणि दोन दिवस जरा विश्रांती घ्या."

"विश्रांती कसली? टेपा कोणाकोणाच्या आहेत ते यांना कोण सांगणार?"

"बिलांच्या सर्व्हरवर यादी आहे ना," टायवाले म्हणाले. "ती उचलायची, नव्यावर टाकायची. चार तासांचं काम."

"त्या यादीत त्याच्या स्वतःच्या टेपा आहेत. बाकी तिघांच्या टेपा त्या तिघांनाच विचाराव्या लागतील. आणि नव्यावर चढवताना त्या राखीव म्हणून चढवा. कोऱ्या म्हणून चढवल्यात तर तो त्यांच्यावर दुसरंच काही लिहून मोकळा होईल."

टायवाले हसले. लहान मुलाने विमान कसं उडतं ते समजावून सांगावं आणि मोठ्यांनी ऐकून घ्यावं, तसं हसले. टेपबाई खाली गेली आणि दीड पान भरून लिहून आणलं. आधी काय, मग काय, कोणत्या सर्व्हरला काय विचारायचं, किती वेळ लागेल. नऊ तास लागतील असं तिने लिहिलं होतं. टायवाल्यांनी कागद घेतला, थँक यू म्हणाले आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण साहेबांच्या खोलीत मस्तक कुठे न्यायचं हा प्रश्न असतो, म्हणून ती किल्ली टेबलावर ठेवून निघाली.

जिन्यात किरणमास्तर भेटले. हे गृहस्थ किरणोपचार विभागात रुग्णाला किती किरण द्यायचे याचं गणित करत. पूर्वी कॉलेजात शिकवत असल्याने अजूनही सगळ्यांना फळ्यासमोर उभं असल्यासारखं समजावून सांगत.

"बाई, तुमच्याकडेच निघालो होतो. एक जुनी योजना काढून द्या. साडेतीन वर्षांपूर्वीची. शिवणकाम करणाऱ्या एक बाई आहेत, गळ्याला किरण दिले होते. आता पुन्हा गाठ आलीय, मंगळवारी ठरवायचंय."

"कागदावर नाही का?"

"एकूण किती दिले ते कागदावर आहे. कुठे किती गेले ते योजनेत असतं. मानेच्या मणक्याने आधीच किती सोसलंय हे कळलं तरच आता पुढचे किती द्यायचे ते ठरेल. मणक्याला जास्त झालं तर हातपाय जातात, आणि गाठीला कमी पडलं तर गाठ राहते."

दोन वर्षांपेक्षा जुन्या योजना फक्त टेपेवर राहत. टेपबाईने वहीत पाहिलं. किरणोपचाराच्या टेपांना क हे अक्षर होतं. ही योजना क-४४वर होती.

ती उलट्या पावली साहेबांकडे गेली. "एकच टेप काढायचीय. दहा मिनिटं."

"बाई, दुपारपासून कपाट बंद आहे. आता मध्येच काही नको. सोमवारी घ्या."

"एका रुग्णाचं आहे."

"मंगळवारी लागणार आहे ना? मग सोमवारी मिळाली तर काय आभाळ कोसळणार आहे?"

टायवाल्यांनी किल्ली खिशात टाकली होती. खिसा आवाजही करत नव्हता.

क-४४ हा आकडा टेपबाईला स्वस्थ बसू देत नव्हता, आणि त्याला कारण होतं. प्रत्येक टेपेच्या कडेला एक चिमुकला खटका असतो. तो सरकवला की टेप वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. किरणोपचाराची टेप भरली की कपाटात टाकण्यापूर्वी टेपबाई अंगठ्याने तो खटका सरकवी. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. घरातून बाहेर पडताना कडी ओढून पाहतात, तशी ती सवय होती. क-१ पासून क-४३ पर्यंतच्या सगळ्या टेपा तिने अशाच बंद केल्या होत्या.

मग साडेतीन वर्षांपूर्वी बिलांच्या सर्व्हरने एका महिनाअखेरीला किरणोपचाराची एक टेप उचलली आणि तिच्यावर लिहायला गेला. खटका बंद होता. टेपेने नकार दिला, काम अडलं, बिलांचा अहवाल एक दिवस उशिरा गेला. बिलांचा सर्व्हर दुसऱ्याची टेप का उचलत होता, हे त्या अख्ख्या विभागात कोणीही विचारलं नाही. खटका कोणी सरकवला, एवढंच विचारलं. टेपबाईला मेमो मिळाला. विनापरवानगी टेपांना हात लावून कामकाजात अडथळा आणल्याबद्दल सक्त ताकीद, पुन्हा घडल्यास वेतनवाढ रोखण्यात येईल. खाली साहेबांची सही, तारीख नऊ.

त्याच महिन्याच्या चौदा तारखेला क-४४ भरली. टेपबाईला तो क्षण लख्ख आठवत होता. टेप हातात होती, अंगठा खटक्यावर गेला, आणि तिने तो उचलून घेतला. तेव्हापासूनच्या, ती धरून, एकवीसच्या एकवीस टेपा तशाच, उघड्या, कपाटात गेल्या होत्या.

शनिवार कसाबसा गेला. रविवारी सकाळी ती गॅलरीत बसून तीच भाजी दुसऱ्यांदा निवडू लागली तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला. तो टपाल खात्यात एकतीस वर्षं पत्रांची वर्गवारी करून निवृत्त झाला होता आणि आता घरातल्या डब्यांची करत असे.

"तुझं ते कपाट आज तुझ्याविना चाललंय म्हणून रुसलीयेस का?"

"रुसायला मी नवी नवरी आहे का? ते यादीत नसलेल्या टेपा कोऱ्या धरतील अशी भीती वाटतेय."

"यादीत नाही म्हणून कोऱ्या?" नवऱ्याने चष्मा काढला. "आमच्याकडे पत्ता वाचता आला नाही तर पत्र बाजूला ठेवायचं. त्याच्यासाठी वेगळा खण होता. कोणी त्याच्या पाठीवर दुसरा पत्ता लिहून पुढे पाठवत नसे. असं कोण करेल?"

"टाय लावून करतात," टेपबाई म्हणाली.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब सुट्टीच्या दिवशी फोन घेत नसत. तिने पुन्हा लावला, पुन्हा, आणि चौथ्यांदा साहेबांच्या बायकोने उचलून सांगितलं की ते झोपलेत, आणि ऑफिसचं ऑफिसात बोला. टेपबाई मग रिक्षा करून हॉस्पिटलला गेली. तळघराच्या दाराशी रखवालदाराने हात जोडले. त्याच्याकडे कागद होता, सोमवारपर्यंत आत जाणाऱ्यांची नावं असलेला, आणि बावीस वर्षं जिने तिथे झाडूसुद्धा मारला तिचं नाव त्यात नव्हतं. आतून यांत्रिक हाताचा आवाज येत होता. हात सारखा धावत होता, आणि रविवारी त्याला एवढं काम असण्याचं काही कारण नव्हतं.

"कालपासून असंच चाललंय," रखवालदार म्हणाला. "जोरात काम चालू आहे."

सोमवारी दहा वाजता तळघरात फीत बांधली होती. संचालक आले, फीत कापली, हे कपाट म्हणजे हॉस्पिटलची स्मरणशक्ती आहे असं म्हणाले. हे वाक्य टायवाल्यांनी लिहून दिलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेपबाई मागे भिंतीला टेकून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर ओळींमागून ओळी होत्या, काही लाल, काही हिरव्या.

संचालक गेल्यावर टायवाले तिच्याकडे वळले. "बाई, तुमच्या टेपांची अवस्था काय आहे ही? शनिवारपासून चारही सर्व्हरची नवी पूर्ण प्रत काढतोय. त्रेचाळीस टेपा खराब निघाल्या. लिहूनच घेत नाहीत."

साहेबांनी मान हलवली. ही मान ते टेपबाई समोर असली की नेहमी एकाच बाजूला हलवत.

टेपबाई पडद्याजवळ गेली. लाल ओळी क-१ पासून सुरू होत होत्या आणि क-४३ला संपत होत्या. लाल म्हणजे तिच्या अंगठ्याने बंद केलेल्या, नकार देऊन वाचलेल्या टेपा. तिने खाली पाहिलं. क-४४, हिरवी. क-४५, हिरवी. हिरवं म्हणजे काम यशस्वी झालं, लिहून पूर्ण झालं.

"या क्रमांकाच्या टेपा तुम्ही काय म्हणून चढवल्या?" तिने विचारलं.

"यादीत नव्हत्या. म्हणजे कोऱ्या."

टेपबाईने कपाटाकडे जाऊन बाजूचं लाल बटण दाबलं. त्या बटणाला हात लावायचा तर तीन सह्या लागत. यांत्रिक हात क-६२ जागेवर ठेवून पुढच्या कप्प्यासमोर पोचला होता, तो तिथेच थांबला.

"बाई, तुम्हाला कोणी परवानगी दिली?" साहेब म्हणाले.

"एकोणीस टेपा गेल्या, साहेब. क-४४ ते क-६२. बासष्टच्या पुढचं नशीब बघायला लागेल. प्रयोगशाळेच्या आणि एक्स-रेच्या टेपा यानंतरच्या रांगेत होत्या, त्याही सगळ्या उघड्या आहेत. आता द्या मेमो."

टायवाल्यांनी प्रथमच टाय सैल केला. त्या कोऱ्या नव्हत्या हे समजायला त्यांना पाऊण तास लागला, आणि समजल्यावर जे पहिलं वाक्य ते बोलले ते असं, की आमच्या करारात जुन्या माहितीची जबाबदारी नाही. टेपेवर दुसरं काही लिहिलं गेलं की खालचं परत येत नाही, एवढं मात्र त्यांनी अगदी तत्परतेने सांगितलं. क-६३वर लिखाण सुरूच झालं नव्हतं, ती आणि क-६४ वाचल्या होत्या.

नव्या सर्व्हरवर तिचा राग नव्हता. तो बिचारा सांगितलं तेवढं करत होता. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली तो घरात आला आणि त्याच्या हातून पहिलं काम हे करवून घेतलं, याचा तिला संताप होता. नऊ तास वाचवायचे होते, का तर सोमवारी फीत कापायची होती.

मंगळवारी सकाळी साहेबांच्या खोलीत एक टाईप केलेला कागद तयार होता. टेपबाईने उभ्यानेच वाचला. काही टेपांचे खटके अनधिकृतपणे बंद ठेवलेले असल्याने नव्या व्यवस्थेत अडथळे आले व त्यामुळे काही जुनी माहिती उपलब्ध होऊ शकली नाही. खाली तिचं नाव आणि सहीची जागा.

"बंद होत्या त्या वाचल्या," ती म्हणाली. "उघड्या होत्या त्या गेल्या. तुम्ही उलटं लिहिलंय."

"शब्दांत काय अडकताय? चौकशी होणार, काहीतरी कारण द्यावं लागणार."

"मग खरं द्या. माझं दीड पान होतं, त्यावर कप ठेवला होता तुमच्या पाहुण्यांनी."

"बाई, निवृत्तीला किती राहिली तुमची? तीन वर्षं ना?" साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले. "नीट जाऊ दे की."

टेपबाईने कागद सही न करता टेबलावर ठेवला. आणि ती बाहेर पडली.

किरणमास्तर बाहेर बाकावर बसले होते. आज ते काही समजावून सांगत नव्हते. तिनेच विचारलं तेव्हा म्हणाले, "मणक्याला किती गेलंय ते माहीत नाही म्हटल्यावर, जास्तीत जास्त गेलंय असंच धरावं लागणार. म्हणजे आता अगदी थोडे देता येतील. गाठ त्याने जाईल असं मला वाटत नाही. औषधांवर ठेवतील."

"योजना मिळाली असती तर?"

"मिळाली असती तर हिशेब केला असता. कदाचित पुरेसे देता आले असते. कदाचित नसते. आता ते कधीच कळणार नाही, एवढंच खरं."

"त्यांना सांगितलं?"

"साहेबांनी सांगितलं. यंत्रात बिघाड झाला म्हणून."

दुसऱ्या मजल्यावर खिडकीजवळच्या खुर्चीत ती शिवणकाम करणारी बाई बसली होती. शेजारी तिची धाकटी बहीण, मांडीवर फाईल. बाईच्या मानेवर आधीच्या किरणांची काळपट खूण होती आणि ती ओढणीने झाकायचा प्रयत्नही तिने केला नव्हता. टेपबाई समोर जाऊन उभी राहिली.

"मी खाली तळघरात असते. तुमची जुनी योजना माझ्याकडे होती."

"ती बिघडली म्हणे," बहीण म्हणाली.

"बिघडली नाही. पुसली गेली. मशीनने नाही, माणसांनी."

आणि तिने सगळं सांगितलं. कपाट, चार सर्व्हर, नवा पाचवा, शनिवार, यादी, खटका. तिच्या कामाचे शब्द त्या दोघींना नवे होते, म्हणून ती सोपं करून सांगत होती, आणि सोपं करताना तिला दिसत गेलं की हे मुळातच किती सोपं होतं. नाव सापडलं नाही तर आधी विचारायचं, एवढंच करायचं होतं. शिवणकाम करणारी बाई मान न वळवता ऐकत होती. मान वळत नसावी.

"माप लिहिलेली वही हरवली तर मी गिऱ्हाइकाला परत बोलावते, पुन्हा माप घेते," ती शेवटी म्हणाली. "याचं पुन्हा माप घेता येत नाही?"

"नाही."

"हे तुम्ही लिहून द्याल?"

टेपबाईने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला. तो मेमो साडेतीन वर्षं तिथेच होता, घड्यांवर विरलेला. तिच्याकडे दुसरा कागद नव्हता असं नाही, पण हाच योग्य वाटला. तो उलटा करून खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि तिने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. कोणती टेप, कोणाची, कधी भरली, शुक्रवारी कोणी मागितली, कोणी नाकारली, शनिवारी काय म्हणून नोंदली. साहेबांचा हुद्दा, कंपनीचं नाव, सगळं. खाली स्वतःचं खरं नाव लिहून सही केली. तीन वर्षांचं काय होईल हा विचार आला, पण तोवर सही झाली होती.

बाईने कागद घेतला. आधी मागची बाजू वाचली, मग पुढची, मग दोन्ही तारखा पुन्हा पाहिल्या. मेमोची नऊ, टेपेची चौदा.

"म्हणजे याच्या आधीच्या सगळ्या तुम्ही बंद केल्या होत्या."

"हो."

"माझी पहिली उघडी."

"हो."

"मग माझ्या वेळी का नाही सरकवलात?"

तिच्या आवाजात चीड नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. टेपबाईकडे उत्तरं पुष्कळ होती. साहेब, मेमो, वेतनवाढ, त्या वर्षीचं नवऱ्याचं ऑपरेशन. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

"भ्याले," ती म्हणाली.

बाई कागद फाईलमध्ये ठेवण्यासाठी बहिणीकडे देऊ लागली.

"थांबा," टेपबाई म्हणाली. "हे त्यात नाही." तिने कागद परत मागून घेतला, कठड्यावर पसरला आणि सहीच्या खाली, उरलेल्या जागेत, तेही लिहिलं.